हॉस्पिटल मॅनेजमेंट : एमबीए, एमएचए की डिप्लोमा? सांगली-साताऱ्यातून पाहिलेला खर्च आणि नोकरीचा हिशेब

हळदपेठ (सांगली)

पदवीचे निकाल लागले की दरवर्षी हाच प्रश्न फिरतो. हॉस्पिटल मॅनेजमेंट करायचंय, कुठे करू, किती लागतील, पगार किती मिळेल? उत्तरं चार धाग्यांत विखुरलेली आहेत, म्हणून इथे एका जागी मांडू. भर घाला, चुकलं तिथे कान धरा.

आधी नावांचा घोळ. एमबीए म्हणजे विद्यापीठाची पदवी, एआयसीटीईची म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता, प्रवेश राज्य सीईटी सेलच्या प्रवेश परीक्षेतून. सांगली, सातारा, कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे शिवाजी विद्यापीठाचे, त्यामुळे इथल्या संलग्न कॉलेजांची पदवी त्या विद्यापीठाची. एमएचए म्हणजे मास्टर ऑफ हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन. ती बहुतेक करून अभिमत विद्यापीठांत किंवा मुंबईच्या टिससारख्या (टाटा समाजविज्ञान संस्था) संस्थांत मिळते आणि तिथे ज्याची त्याची प्रवेशपद्धत असते. पुण्यातल्या सिम्बायोसिसच्या एमबीएला त्यांची स्वतःची स्नॅप ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, तिथे राज्याची सीईटी चालत नाही. पीजी डिप्लोमा वर्षभराचा, नोकरी सांभाळून करणाऱ्यांचा. चौथी गोष्ट एमडी हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, पुण्याचं एएफएमसी (लष्कराचं वैद्यकीय महाविद्यालय) किंवा दिल्लीचं एम्स. ती एमबीबीएस झालेल्यांची, तिचा या धाग्याशी संबंध नाही. तरी कोणीतरी विचारणारच, म्हणून लिहून ठेवलं.

दुसरं म्हणजे फी आणि खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खर्चात फी येते, राहणं-खाणं येतं, कर्जाचं व्याज येतं आणि दोन वर्षं बुडालेला पगारही येतो. मिरजेत स्टाफ नर्स म्हणून महिना १८ हजार घेणाऱ्या मुलीने नोकरी सोडून दोन वर्षं पूर्णवेळ एमबीए केलं, तर ४ लाख ३२ हजार तिथेच गेले. फीच्या पावतीवर ते दिसत नाहीत, घरच्या वहीत दिसतात.

कोयनाकाठ (कराड)

फीचं मी लिहितो, कारण इथेच सगळ्यात जास्त पैसे वाचतात किंवा वाया जातात.

सीईटी देऊन कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, संलग्न कॉलेजात गेलात तर फी शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली असते, प्रत्येक कॉलेजची वेगळी. त्यावर सवलती बसतात. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या खुल्या प्रवर्गाला राजर्षी शाहू योजनेतून शिक्षण शुल्काचा निम्मा भाग. ओबीसींना निम्मा, व्हीजेएनटी आणि एसबीसींना पूर्ण. मुलींसाठी तर चित्रच बदललं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे.

आता ग्यानबाची मेख. खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्या निर्णयातून वगळली आहेत. आपल्या भागात अभिमत विद्यापीठांचं प्रस्थ मोठं, कराडला कृष्णा, सांगलीला भारती. तिथे शिकण्याचे फायदे वेगळे, रुग्णालय आवारातच असतं. पण सवलत गृहीत धरून कोणी फॉर्म भरू नये. तसंच संलग्न कॉलेजातही संस्था स्तरावरच्या जागेवर, म्हणजे लोक ज्याला मॅनेजमेंट कोटा म्हणतात त्यावर, प्रवेश घेतला की सवलत गेली. कॅपची तिसरी फेरी संपायच्या आत "जागा आत्ताच पक्की करा" असा फोन येतो तो या कोट्यासाठीच असतो. मुलीचा प्रवेश असेल तर त्या फोनची किंमत दोन वर्षांचं अख्खं शिक्षण शुल्क.

माफीत विकास शुल्क येत नाही. ते भरावं लागतं, तेव्हा "सगळं फुकट" असं डोक्यात ठेवून गेलात तर काउंटरवर वाद होतो.

माणदेशी

बीएचएमएस झालेल्याने एमबीए करावं की एमएचए? आटपाडी-विट्याकडे या मुलांची संख्या बरीच आहे. दवाखाना टाकायचा तर गाळा, फर्निचर, औषधं धरून चार-पाच लाख, आणि जम बसायला तीन वर्षं.

मिरज जंक्शन

माणदेशी, प्रश्न चांगला आहे, कारण सगळं घोडं मूळ पदवीवरच अडतं. कॉलेजच्या माहितीपत्रकात हे कोणी छापत नाही. एकाच वर्गातून एकच एमबीए घेऊन बाहेर पडलेले पाच जण पाच वेगळ्या खुर्च्यांवर बसतात.

बीकॉमवाला बिलिंग आणि वसुलीकडे जातो. बीफार्मवाला खरेदी आणि औषधभांडाराकडे. बीएस्सी नर्सिंगवाल्या मुलीला गुणवत्ता विभाग आणि संसर्ग नियंत्रण मोकळं असतं, आणि माझ्या मते या भागात सगळ्यात लवकर पगार तिचाच वाढतो, कारण वॉर्ड माहीत असलेला आणि एक्सेलही येणारा माणूस दुर्मिळ आहे. बीएची मुलं फ्रंट ऑफिसला लागतात आणि तिथे अडकायची भीती असते. बीएचएमएस, बीएएमएस, बीडीएस यांना क्लेम तपासणी, राज्याच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेतलं मेडको म्हणजे वैद्यकीय समन्वयकाचं काम आणि पुढे वैद्यकीय प्रशासन.

शिवाय डॉक्टर मंडळींना सरकारी वाट आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली जिल्हा कार्यक्रम व्यवस्थापक, जिल्हा गुणवत्ता समन्वयक अशी पदं. जाहिरातींत बहुतेक वेळा वैद्यकीय शाखेची पदवी आणि वर एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी), एमएचए किंवा आरोग्यातलं एमबीए मागतात. पद कंत्राटी, मानधनावर. जाहिरात जिल्हा परिषदेच्या संकेतस्थळावर येते आणि मुदत आठ-दहा दिवसांची असते. गुणवत्ता समन्वयकाचं मुख्य काम एनक्यूएएस, म्हणजे सरकारी आरोग्य संस्थांची राष्ट्रीय गुणवत्ता मानकं. प्राथमिक केंद्रापासून सिव्हिलपर्यंत प्रत्येक संस्था आठ क्षेत्रांच्या तपासणीतून न्यायची, प्रमाणपत्राला ७० टक्के गुण लागतात.

तेव्हा बीएचएमएसला एमएचए की एमबीए याला फार महत्त्व नाही. जाहिरातीत दोन्ही चालतात. फक्त गुणपत्रिकेवर "हॉस्पिटल" किंवा "हेल्थकेअर" हा शब्द छापून आला पाहिजे. नुसतं मार्केटिंगमधलं एमबीए घेऊन गेलात तर कागदपत्र पडताळणीत बाद.

हळदपेठ (सांगली)

शेवटच्या वाक्याला जोड. कॉलेजच्या यादीत हॉस्पिटल मॅनेजमेंट हे स्पेशलायझेशन लिहिलेलं असतं, पण पुरेशी मुलं मिळाली नाहीत तर ते त्या वर्षी चालवत नाहीत. दुसऱ्या वर्षाला गेल्यावर "एचआर घ्या, तेच आहे" असं सांगतात. तेच नसतं. प्रवेशाआधी मागच्या दोन वर्षांची त्या स्पेशलायझेशनची गुणपत्रिका बघायला मागा. नाव झाकून दाखवायला कोणाची ना नसावी.

हिशेबनीस

कर्जाचं गणित करून टाकू.

मोठ्या खाजगी संस्थेत दोन वर्षांची फी सात-आठ लाखांपासून दहा-बारा लाखांपर्यंत जाते. आठ लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज, दोन वर्षं शिक्षण आणि पुढे एक वर्ष हप्ता नाही, असं धरा. पहिल्या वर्षी चार लाख उचलले, दुसऱ्या वर्षी चार. हप्ता सुरू होईपर्यंत पहिल्या चारांवर तीन वर्षांचं व्याज १ लाख २६ हजार, दुसऱ्या चारांवर दोन वर्षांचं ८४ हजार. म्हणजे हप्ता बसतो तो आठ लाखांवर नाही, १० लाख १० हजारांवर. सात वर्षांत फेडायचं तर महिना सुमारे १७ हजार. दहा वर्षांत फेडायचं तर १३,६००.

आता इथल्याच कॉलेजात वर्षाला एक लाख फी धरा. दोन लाखांचं कर्ज, त्याच दराने हप्ता सुरू होताना अडीच लाखांवर जातं. पाच वर्षांत फेडलं तर महिना ५,४००.

हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशाच्या वर गेला की माणूस पहिली नोकरी सोडता येत नाही म्हणून अडकतो. त्या मापाने १७ हजारांच्या हप्त्याला महिना ५१ हजार हातात हवेत, १३,६०० च्या हप्त्याला ४१ हजार. ५,४०० च्या हप्त्याला १६ हजार पुरतात. सांगली-मिरजेतल्या पहिल्या नोकरीतून यातला कुठला हप्ता निघेल ते तुम्हीच बघा.

शिकत असतानाच व्याज भरलं तर मुद्दल फुगत नाही. आठ लाखांच्या कर्जाला पहिल्या वर्षी महिना ३,५००, दुसऱ्या वर्षी ७,०००. काही बँका असं व्याज भरणाऱ्याला दरात एक टक्का सूटही देतात, शाखेत विचारावं लागतं, आपणहून सांगत नाहीत. तारणाचं : ४ लाखांपर्यंत पालकांची सही पुरते, ४ ते साडेसातला जामीनदार, साडेसातच्या वर तारण. पीएम-विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीतली संस्था असेल तर तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत, आणि उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होण्याआधीच्या काळात व्याजात ३ टक्के सूट मिळते. पण यादी मोजक्या दर्जेदार संस्थांची आहे. आधी संस्था यादीत आहे का ते बघा, मग सातबाऱ्याचा विषय घरात काढा.

अजिंक्यतारा (सातारा)

हिशेबनीस, आकडे बरोबर, निष्कर्ष अर्धा. मोठी संस्था म्हणजे फक्त मोठी फी असं मांडलंत तर मुलांचं नुकसान होईल.

जयपूरच्या आयआयएचएमआरसारख्या ठिकाणी किंवा टिसमध्ये कॅम्पसला येणारे सगळे रुग्णालयवाले नसतात. विमा कंपन्या, टीपीए (विमा कंपन्यांच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्था), आरोग्य सॉफ्टवेअरवाले, सल्लागार कंपन्या, सरकारी योजनांच्या अंमलबजावणी संस्था येतात. तिथली सुरुवात आणि पाच वर्षांनंतरची वाढ आपल्याकडच्या रुग्णालयातल्या पगाराशी ताडून बघण्यात अर्थ नाही. शिवाय पाचशे खाटांच्या रुग्णालयात इंटर्नशिप केलेल्याला एका विभागाचा रुग्णांचा ओघ, मनुष्यबळ, खर्च आकड्यांत मांडता येतो. ते पन्नास खाटांच्या ठिकाणी शिकायला मिळत नाही.

अट एकच. पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळूर, कुठेही पहिली तीन-चार वर्षं काढायची तयारी हवी. दहा लाख घालून साताऱ्याला परत यायचं ठरलेलं असेल तर मग मीही म्हणेन, नको.

मिरज जंक्शन

यावर माझं दुमत नाही. परत यायचं की नाही हे आधी ठरवा, कॉलेज नंतर. उलटं करतात सगळे.

पण पन्नास खाटांत शिकायला मिळत नाही हे मात्र नाही पटलं. मोठ्या रुग्णालयात एक विभाग कळतो, छोट्यात सगळे विभाग अंगावर येतात. जैववैद्यकीय कचरा ४८ तासांच्या वर ठेवायचा नाही, पिवळी-लाल पिशवी, काचेचा निळा खोका आणि सुयांचा पांढरा डबा कुठल्या वॉर्डात चुकतोय ते बघायचं. अग्निसुरक्षेचं बी प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यायचं. गर्भलिंग निदानविरोधी कायद्याखालचा सोनोग्राफीचा एफ फॉर्म, नर्सिंग होम नोंदणीचं नूतनीकरण, ऑक्सिजनचा साठा, रात्रपाळीला न आलेला वॉर्डबॉय, सगळं एकाच टेबलावर.

छोट्या रुग्णालयाची खरी अडचण वेगळी आहे. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची खुर्ची पुष्कळदा डॉक्टरांच्या घरातच असते. मॅडम किंवा मेहुणे. तुम्हाला "मॅनेजर" नाव मिळतं, सहीचा अधिकार नाही. मुलाखतीत विचारावं, पाच हजारांची खरेदी कोणाच्या सहीने होते? उत्तरावरून पद कळतं.

वाळवा तालुका

आपल्याकडे नक्की काम काय असतं ते कोणी सांगेल का? माहितीपत्रकात "हेल्थकेअर लीडर" लिहिलंय, त्यावरून काहीच कळत नाही.

मिरज जंक्शन

लीडर बाजूला ठेवा. सांगली-मिरज-कराड पट्ट्यात पहिल्या नोकऱ्यांपैकी मोठा वाटा क्लेमच्या, म्हणजे विमा आणि सरकारी योजनांकडून बिलाचे पैसे मिळवण्याच्या टेबलावर आहे. एका फाईलवर सांगतो.

रुग्ण कॅशलेसवर दाखल होतो. प्रीऑथचा म्हणजे विमा कंपनीच्या पूर्वपरवानगीचा फॉर्म भरायचा, डॉक्टरांचं निदान, अपेक्षित खर्च, आधीचे आजार, पॉलिसी, आधार. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने तासाभरात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत. तीन तास उलटून गेले आणि त्यामुळे बिल वाढलं तर वाढीव रक्कम कंपनीची. हा नियम टेबलावरच्या माणसाला तोंडपाठ पाहिजे, पण फाईल अर्धवट पाठवली तर तो कामाचा नाही, कारण कंपनीची क्वेरी म्हणजे शंका येते आणि घड्याळ परत शून्यावर.

क्वेरी कशाने येते? आधारवर "सुवर्णा", केसपेपरवर "सुवर्णाबाई". दाखल झाल्याची वेळ नर्सच्या नोंदीत सकाळची, संगणकात दुपारची. रक्तदाबाचा त्रास किती वर्षं हे कनिष्ठ डॉक्टरने एका पानावर दोन वर्षं लिहिलं, दुसऱ्या पानावर पाच, म्हणजे पॉलिसीच्या आधीचा आजार निघाला. गुडघा बदलला, पण इम्प्लांटचा स्टिकर ओटी नोटला (शस्त्रक्रियेची नोंद) चिकटवला नाही, फेकलेल्या खोक्याबरोबर गेला. हातमोजे, डायपर अशा वस्तू बिलात वेगळ्या लावल्या, त्या कापल्या गेल्या आणि नातेवाईक काउंटरवर. यातली एकही चूक पैशांच्या टेबलावर होत नाही. ती वॉर्डात होते आणि टेबलावर सापडते. म्हणून ज्याला वॉर्डात जाऊन सिस्टरांशी नीट बोलता येतं तो या कामात टिकतो.

महात्मा फुले योजनेची फाईल आणखी काटेकोर. १ जुलै २०२४ पासून योजना राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेने रुग्णालयात बसवलेला आरोग्यमित्र नोंदणी करून देतो, पण पूर्वपरवानगी, फोटो, तपासण्या, ओटी नोट, इम्प्लांटची पावती, डिस्चार्ज कार्ड हे रुग्णालयाने चढवायचं. रुग्णाने एक पैसाही द्यायचा नसतो, त्यामुळे नाकारलेला क्लेम थेट रुग्णालयाच्या खिशातून जातो. महिन्याला शंभर फाईली करणाऱ्या रुग्णालयात नाकारलेल्या फाईलींची संख्या आठवरून तीनवर आणणारा माणूस स्वतःचा पगार स्वतः सिद्ध करतो.

मिरजेला आणखी एक. अथणी, चिकोडी, रायबागकडून रुग्ण येतात. कर्नाटकच्या रेशनकार्डावर ही योजना चालत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली ती सीमाभागातल्या ८६५ गावांना उघडली, तेव्हा गाव यादीत आहे का ते दाखल करतानाच बघावं लागतं. ज्याला कन्नड येतं त्याने बायोडेटात पहिल्या ओळीत लिहावं. पुण्यात त्याची किंमत नाही, मिरजेत आहे.

कोयनाकाठ (कराड)

हे वाचून दोन-चार जण बेत रद्द करतील. बरंच आहे.

वाळवा तालुका

उलट आता कळलं काय ते. नोकरी सांभाळून ऑनलाइन एमबीए केलं तर चालतं का? इस्लामपुरात एका सेंटरवर ४५ हजारांत सांगतायत, परराज्यातल्या विद्यापीठाचं.

अजिंक्यतारा (सातारा)

दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मान्यताप्राप्त ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी यूजीसीच्या सप्टेंबर २०२२ च्या खुलाशाप्रमाणे नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. इग्नूचा हॉस्पिटल अँड हेल्थ मॅनेजमेंटचा पीजी डिप्लोमा तर जुना आणि ओळखीचा. रुग्णालयात आधीच कामाला असलेल्या नर्सिंग इनचार्जला, लॅबवाल्याला, फार्मासिस्टला बढतीसाठी हाच मार्ग स्वस्त. पगार बुडत नाही, हे हळदपेठांनी वर मांडलेल्या हिशेबात सगळ्यात मोठं. नवख्याला मात्र उपयोग कमी, कारण इंटर्नशिप नाही आणि रुग्णालय आतून बघितलेलं नाही.

इस्लामपूरच्या सेंटरचं म्हणाल तर हात लावू नका. खाजगी आणि अभिमत विद्यापीठांना असं फ्रँचायझी सेंटर चालवायला परवानगी नसते. यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण ब्युरोच्या संकेतस्थळावर विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि ते विशिष्ट सत्र असं तिन्ही बघायचं. विद्यापीठ यादीत असतं, अभ्यासक्रम नसतो, अशी फसगत जास्त होते. आता प्रवेशाला स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो. सेंटरवाला "आम्ही काढून देतो, ओटीपी सांगा" म्हणाला तर उठून या.

हिशेबनीस

"शंभर टक्के प्लेसमेंट, तीन लाखांचं पॅकेज" या ओळीवरही एकदा बोलू. तीन लाख म्हणजे महिना २५ हजार. मूळ वेतन १२,५०० धरा. कंपनीचा पीएफ १,५०० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ६०० त्या २५ हजारांतच मोजलेली असते. राहिले २२,९००. त्यातून तुमचा पीएफ १,५०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात २१,२००. महिलांना २५ हजारांपर्यंत व्यवसाय कर नाही, त्यांना २१,४००. पुण्यात कॉट बेसिसवर राहून मेससकट नऊ-दहा हजार गेले तर उरले ११-१२ हजार. सांगलीत घरी राहून हातात १६ हजार मिळाले तर ते या पुण्याच्या नोकरीपेक्षा महिन्याला चार हजारांनी भारी. पुण्याला जायचं ते शिकायला आणि पुढच्या उडीसाठी, पहिल्या वर्षाच्या बचतीसाठी नाही.

कॉलेजकडून प्लेसमेंटची यादी घ्याल तेव्हा पॅकेज विचारू नका, पद विचारा. "पेशंट केअर एक्झिक्युटिव्ह" म्हणजे बहुतेक वेळा फ्रंट डेस्क. तेच काम बारावी झालेली मुलगीही त्याच पगारात करते.

माणदेशी

आणि बारावीनंतर थेट बीबीए हॉस्पिटल मॅनेजमेंट?

हळदपेठ (सांगली)

माझं मत नको असं. तीन-चार वर्षं आणि लाख-दोन लाख घालून फ्रंट डेस्कलाच सुरुवात होते, कारण त्या वयाच्या मुलाला कोणी विभाग देत नाही. त्याऐवजी बीएस्सी नर्सिंग, बीफार्म, नाहीतर साधं बीकॉम आणि मग एमबीए. मूळ पदवी हीच पुढची वाट ठरवते हे वर आलंच आहे. कोणाला करायचंच असेल तर २०२४ पासून बीबीएलाही राज्याची सीईटी आहे, ती न देता प्रवेश घेतला आणि नंतर शिष्यवृत्ती मागितली असं होऊ देऊ नका.

मिरज जंक्शन

कॉलेज निवडताना मी एकच कसोटी लावेन. तिथल्या शिक्षकाला विचारा, एनएबीएचच्या (रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मानकांत किती घटक आहेत? पाचव्या आवृत्तीत १० प्रकरणं, १०० मानकं आणि ६५१ घटक होते. २०२५ मध्ये सहावी आवृत्ती आली. "६५१" असं उत्तर आलं तर नोट्स जुन्या आहेत. "बघून सांगतो" म्हणाले तर माणूस प्रामाणिक आहे, ग्रंथालयात नवी प्रत आहे का ते बघा. "एनएबीएच म्हणजे आयएसओसारखंच" म्हणाले तर चहा घ्या आणि निघा.

इंटर्नशिपचंही तसंच. किती आठवडे, कुठल्या रुग्णालयात, आणि शेवटी काय लिहून द्यायचं? आठ आठवडे रिसेप्शनला बसवून प्रमाणपत्र देणारी ठिकाणं आहेत. कामाची इंटर्नशिप म्हणजे डिस्चार्जला किती वेळ लागतो हे ५० रुग्णांचं घड्याळ लावून मोजणं. डॉक्टरांनी "सोडा" म्हटल्याची वेळ, सारांश टाइप झाल्याची, औषधं परत गेल्याची, बिल निघाल्याची, मंजुरीची, खाट रिकामी झाल्याची. पहिल्या दहा रुग्णांतच कळतं की वेळ बिलिंगला जात नाही, सारांशावर डॉक्टरांची सही मिळेपर्यंत जातो. मुलाखतीत हा एक तक्ता दाखवला की बाकी कोणी फार काही विचारत नाही.

अजिंक्यतारा (सातारा)

विचारतात. खाटांचं गणित हमखास. ५० खाटा, ३० दिवस, म्हणजे १,५०० खाट-दिवस. त्यातले १,०५० भरलेले असतील तर वापर ७० टक्के. महिन्यात ३०० डिस्चार्ज असतील तर सरासरी मुक्काम साडेतीन दिवस. मग पुढचा प्रश्न : मुक्काम तीन दिवसांवर आणला आणि वापर तेवढाच ठेवला तर आणखी किती रुग्ण बसतील? १,०५० भागिले तीन, ३५०. म्हणजे ५० जास्त. आणि हे ५० येणार कुठून, असं विचारणारा उमेदवार मालक डॉक्टरांना आवडतो.

वाळवा तालुका

सीईटीची तयारी कितपत लागते?

कोयनाकाठ (कराड)

२०० प्रश्न, १५० मिनिटं, चुकीला गुण कापत नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. ७५ प्रश्न लॉजिकल रीझनिंगचे, २५ आकृत्यांचे, गणित आणि इंग्रजी प्रत्येकी ५०. वैद्यकीय शाखेची मुलं गणितात अडतात आणि तिथेच वेळ घालवतात. आधी लॉजिकल संपवावं. पात्रतेला कुठल्याही शाखेची पदवी, ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४५.

परीक्षेपेक्षा कागदांत जास्त मुलं अडकतात. नॉन-क्रीमीलेअर ३१ मार्चला संपतं, जुनं चालत नाही. ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र राज्याच्या नमुन्यातलं हवं, केंद्राचं काढून आणलं तर खुल्या प्रवर्गात टाकतात. जात पडताळणीला अर्ज आत्ताच करा, सांगली आणि सातारा दोन्हीकडे जूननंतर समितीसमोर रांग लागते. महाडीबीटीला, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलला, आधारशी जोडलेलं बँक खातं लागतं. आईच्या नावाच्या जनधन खात्यावर आधार जोडलेलं असतं आणि मुलीचं स्वतःचं खातं तसंच राहिलेलं असतं. तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढायला जाल त्याच दिवशी बँकेत जाऊन तेवढं करून घ्या.